बेळगाव भागातून कला-विज्ञानाचा क्युरेटर व्हायचंय? पहिलं प्रदर्शन इथंच करा

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे मुलांची वाटणी होते. गणितात बरे मार्क पडले की सायन्स, हात चित्रावर बसलेला असला की चित्रकला महाविद्यालय. पुढे या दोन वाटांवरची मुलं एकमेकांच्या कामाकडे सहसा फिरकत नाहीत. ज्यांना दोन्हीची ओढ असते त्यांना घरातून सल्ला मिळतो, एक धर आणि दुसरं छंद म्हणून ठेव. मला हा सल्ला पटत नाही. दोन्ही हातात धरून चालणारा एक पेशा आहे, आणि त्याची तयारी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात राहून सुरू करता येते.

प्रदर्शनात कोणती वस्तू ठेवायची, तिच्याबद्दल कोणाला बोलतं करायचं, येणारा माणूस काय हाताळेल, काय वाचेल, कुठे थांबेल हे ठरवायचं आणि ते सगळं ठरल्या वेळेत, हातातल्या पैशांत उभं करायचं, हे क्युरेटरचं काम. १९६९ साली फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे वस्तू हाताळून बघायचं विज्ञान संग्रहालय सुरू केलं आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये कलाकारांनाही कामाला जागा दिली. २००८ साली डब्लिनमध्ये सायन्स गॅलरी उघडली. पुढे त्याच नावाच्या गॅलऱ्यांचं जाळं झालं. त्यातली बेंगळुरूची सायन्स गॅलरी कर्नाटक सरकारच्या मदतीनं उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये स्वतःच्या इमारतीत आली. ‘कार्बन’ हा एकच विषय घेऊन तिथं शास्त्रज्ञ आणि कलाकारांचं काम शेजारीशेजारी मांडलं गेलं. अशा ठिकाणी काम करायचं असेल तर काय करावं, असं मुलं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी आपल्या गावात एक छोटं प्रदर्शन पूर्ण करा. अर्जाबरोबर दाखवायला स्वतः उभं केलेलं एक काम असलं की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या पातळीवर बोलतो.

पहिली पायरी: विषय बाजूला ठेवा, वस्तू शोधा

नवी मुलं ‘पाणी’, ‘पर्यावरण’, ‘अवकाश’ असा विषय घेऊन येतात. मग इंटरनेटवरचे फोटो, मोठे फ्लेक्स आणि कोपऱ्यात थर्माकोलचं मॉडेल. बघणारा दहा मिनिटांत बाहेर. विषय एवढा मोठा घेतला की हातात धरायला काहीच उरत नाही. त्यापेक्षा आपल्या भागातली एक वस्तू घ्या, जी घडवताना माणसाचा हात आणि पदार्थाचा नियम दोन्ही लागतात.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात जा. मालकाची रीतसर परवानगी घेऊन पॅटर्न शॉपमध्ये तासभर उभे राहा. पॅटर्न म्हणजे ज्या भागाचं ओतकाम करायचं त्याची लाकडाची प्रतिकृती. ती वाळूत दाबून काढली की साचा तयार होतो, त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. बीड गोठून थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियम याहून जास्त. म्हणून पॅटर्न करणारा मिस्त्री लाकूड मुद्दाम मोठं घडवतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून त्याच्याकडे एक वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब. ती पट्टी आणि शाळेतली साधी मीटरपट्टी टेबलावर शेजारीशेजारी ठेवा. शून्यावर दोन्ही जुळतात. नजर सरकत जाते तशा रेघा हळूहळू चुकायला लागतात आणि मीटरच्या टोकाला बोटभर अंतर पडलेलं असतं. कोणतंही व्याख्यान न देता माणूस वाकून बघतो आणि विचारतो, ही पट्टी चुकीची आहे काय? तिथून बोलणं सुरू होतं.

पॅटर्नवरचे रंगही बघा. ते शोभेसाठी दिलेले नसतात. कोणत्या बाजूवर पुढे मशीनिंग होणार, कुठे कोअर (ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) बसणार, हे मोल्डरला रंगावरून कळतं. शिल्प शिकलेला मुलगा हे लाकूड हातात घेऊन गप्प होतो, कारण त्यातली वळणं, सांधे आणि साच्यातून अलगद सुटावं म्हणून दिलेला उतार एखाद्या चांगल्या शिल्पाच्या तोडीचा असतो. एकच आकार लाकूड, वाळू आणि बीड अशा तीन रूपांत मांडला तर छोट्या खोलीत पुरेल एवढं प्रदर्शन झालं.

खानापूरची माती ही दुसरी वस्तू. खादी ग्रामोद्योगाची ग्रामीण कुंभारकामाची संस्था तिथं आहे आणि आसपास कौलं, मडकी करणारेही आहेत. एकाच गोळ्यातली दोन मडकी घ्या. आव्यात हवा खेळती ठेवली तर मातीतलं लोखंड लाल रंग देतं. हवा कोंडून धूर साठू दिला तर तेच मडकं काळं होतं. शहापूर-वडगावचे माग ही तिसरी वस्तू, त्यात ताणा-बाण्याचं गणित आहे. चौथी म्हणजे चप्पल. तिच्यावरच मी पुढचा बराच लेख खर्च करणार आहे, कारण नवख्या माणसाला कमी खर्चात करता येईल असा इतका भरलेला विषय मला दुसरा दिसत नाही.

दुसरी पायरी: तीन माणसं, आणि तिघांचा मोबदला

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आले. बेळगाव त्यातला एक. अथणी आणि निपाणीच्या बाजूला हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. म्हणजे हा वारसा सीमेच्या दोन्ही अंगांना आहे, आणि सरकारी कागदावरही तसाच नोंदला गेला आहे.

तुम्हाला तीन माणसं लागतील: चप्पल करणारे किंवा कातडं कमावणारे कारागीर, रसायनशास्त्र शिकवणारे कोणी सर किंवा मॅडम, आणि एक चित्रकार किंवा शिल्पकार. पहिली भेट कॉलेजात ठेवू नका, कारागिराच्या दारात ठेवा. कॉलेजात कारागीर गप्प बसतात आणि सर बोलत राहतात. कारागिराच्या घरी उलट होतं, आणि तेच आपल्याला हवं असतं. जाताना ‘मामा, तुमच्या कामावर प्रदर्शन करतोय’ एवढंच सांगू नका. त्यांचं नाव भिंतीवर कसं लागेल, किती दिवस लागतील आणि त्याचे किती पैसे मिळतील हे पहिल्याच दिवशी सांगा. आपल्याशी बोलण्यात त्यांचा खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी द्यायचीच. चित्रकाराचं मानधन, कारागिराची मजुरी आणि प्राध्यापकांचा प्रवासखर्च, तिन्ही एकाच कागदावर लिहा. ज्या प्रदर्शनात कलाकाराला मानधन आणि कारागिराला नुसती शाल-श्रीफळ मिळते, ते माझ्या मते करूच नये.

कलाकाराला एकच विनंती करा: विज्ञानाचं चित्र काढून देऊ नका. कातड्यातल्या कोलॅजन या प्रथिनाच्या रेणूचं सुंदर रंगीत चित्र पुस्तकातही मिळतं. कलाकारानं त्या पदार्थाशी स्वतः झटून काहीतरी करावं. हिरड्याच्या पाण्यानं कागद रंगवावा, कातड्याच्या वाया गेलेल्या तुकड्यांतून काही उभं करावं.

तिसरी पायरी: एकच प्रश्न भिंतीवर

प्रत्येक प्रदर्शनाला एक प्रश्न हवा, आणि तो तुमच्या आजीलाही पडेल असा हवा. चपलेसाठी तो असा: कातडं कुजत का नाही?

उत्तर असं आहे. कच्चं कातडं ओलं ठेवलं तर काही दिवसांत सडतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते बरेच दिवस मुरवलं की त्यांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातल्या कोलॅजनला घट्ट चिकटतं. मग जिवाणूंना ते सहजी खाता येत नाही, पाण्यानंही ते विरत नाही. हिरडा आपल्याच सह्याद्रीच्या रानातला. म्हणजे डोंगरातलं झाड आणि पठारावरचा चप्पल करणारा यांच्यात एक रासायनिक नातं आहे, आणि ते कारागिराला रेणूचं नाव न घेता ठाऊक आहे.

आता हे हाताला जाणवलं पाहिजे. हिरड्याची पूड पाण्यात भिजवून गाळून घ्या. ब्रशनं त्या पाण्यानं पांढऱ्या कागदावर लिहा. वाळल्यावर अक्षरं जेमतेम पिवळट दिसतात. आता त्यावर हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्याचा हलका फवारा मारा. लोखंड आणि टॅनिन एकत्र येतात आणि अक्षरं काळी होत जातात. मुलं स्वतःचं नाव लिहितात आणि ते उमटताना बघतात. रसायनशास्त्र, अक्षरलेखन आणि कातडं कमावणं एका टेबलावर आलं. फवारा मोठ्या माणसाच्याच हातात ठेवा, हातमोजे आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवा, हात धुवायची सोय जवळ असू द्या. हिराकस तोंडात जाता कामा नये, आणि त्याचे डाग कपड्यावरून निघत नाहीत, हे पालकांना आधीच सांगा. घरी रंगीत तालीम केल्याशिवाय हे लोकांसमोर आणू नका, कारण हिरड्याच्या पाण्याचा दाटपणा जुळायला थोडे प्रयोग करावे लागतात.

चौथी पायरी: मजकूर मराठी आणि कन्नड, दोन्हीत, पहिल्या दिवसापासून

आपल्या भागात भाषा हा लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून तो नीट हाताळायचा. आधी मराठी लिहून शेवटच्या रात्री कोणाकडून तरी कन्नड करून घेतलं तर ते वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि त्याला आपण उपरे वाटतो. त्यापेक्षा पहिल्या मसुद्यापासून एक कन्नड लिहिणारा मित्र सोबत घ्या. दोघांनी एकच वस्तू बघून आपापल्या भाषेत लिहा, मग जुळवा. दोन्ही मजकूर सारख्या आकारात, सारख्या उंचीवर लावा. बाहेरच्या नामफलकाचे नियम वेगळे आहेत, त्यात कन्नड ठळक लागते. छापायला देण्याआधी पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

मजकूर किती? एका वस्तूला पन्नास-साठ शब्द पुरेत. मी एक मजकूर दोन तऱ्हांनी लिहून दाखवतो. पहिला असा:

‘हिरडा या वनस्पतीच्या फळांमध्ये मोठ्या प्रमाणावर टॅनिन आढळते. हे पॉलिफेनॉल वर्गातील संयुग असून चर्मसंस्करणामध्ये त्याचा वापर करण्यात येतो.’

यात चूक काही नाही, पण उभ्यानं हे कोणी वाचत नाही. दुसरा:

‘हा हिरडा. कधी चघळला असेल तर आठवा, तोंड कसं आवळून येतं. हिरड्यातलं टॅनिन तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तो तुरटपणा. कातड्याच्या बाबतीतही तेच होतं. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि कातडं सडायचं थांबतं.’

दुसऱ्या मजकुरात विज्ञान कमी झालेलं नाही, उलट वाढलं आहे. वाचणाऱ्याला आपल्या तोंडातल्या अनुभवावरून ते पडताळता येतं. छापण्याआधी मजकूर घरातल्या, गल्लीतल्या पाच-सहा जणांकडून मोठ्यानं वाचून घ्या. जिथे वाचणारा अडखळतो तिथे वाक्य मोडा.

चित्रं आणि फोटोंचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. शाळेची मुलं येणार असतील तर त्यांच्यासाठीच्या वस्तू याहून खाली आणा.

पाचवी पायरी: जागा आणि हंगाम

जून ते सप्टेंबर टाळा. आपल्याकडच्या पावसात कागद फुगतो, कातड्याला बुरशी येते, आणि खानापूरच्या बाजूचा माणूस त्या दिवसांत प्रदर्शनासाठी शहरात येत नाही. सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतरचा.

शहरात टिळकवाडीतलं के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचं कलादालन आहे, सार्वजनिक वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, शाळा-कॉलेजांची सभागृहं आहेत. चौकशी करा. पण माझा खरा आग्रह गावांतल्या साहित्य संमेलनांसाठी आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत संमेलन भरतं तेव्हा सगळा गाव, पाहुणे, शाळेची मुलं आणि बाहेरून आलेले लेखक एका मांडवात असतात. आयोजकांकडे मांडवाच्या कडेची एक पडवी आणि विजेचं एक कनेक्शन मागा. गॅलरीत जो माणूस कधीच पाऊल टाकणार नाही, तो इथं चहा घेऊन येता येता थांबतो. असा प्रेक्षक मुंबईच्या मोठ्या संग्रहालयांनाही प्रयत्न करून मिळवावा लागतो.

प्रकाशाकडे लक्ष द्या. जुना कागद, कापड, जलरंग यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू नये, हा संग्रहालयांतला प्रचलित दंडक आहे. मोबाईलवरचं अ‍ॅप अंदाज देतं. खिडकीसमोर जुनी वस्तू ठेवायचीच नाही.

सहावी पायरी: देखावे करणाऱ्यांना बोलवा

फिरणारी, उघडणारी, दिवा लागणारी मांडणी करायची म्हटलं की मुलं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे दर विचारतात आणि हात टेकतात. आपल्याकडे गणेशोत्सवाचे देखावे आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ करणारे लोक आहेत. मोटर, गिअर, टायमर, प्लायवूड, कापड, रंग सगळं त्यांना येतं, आणि हजारो माणसांनी हात लावूनही टिकेल अशी वस्तू कशी बांधायची हेही येतं. अनंत चतुर्दशीनंतर त्यांच्याकडे वेळ असतो. त्यांना नुसतं ‘असं असं करून द्या’ असं सांगू नका. प्रश्न सांगा आणि त्यांचं उत्तर ऐका. श्रेयनामावलीत त्यांचं नाव चित्रकाराच्या बरोबरीनं हवं.

सातवी पायरी: कागदपत्रं

कोणाचीही वस्तू घेतली की दोन प्रतींत पत्र करा: वस्तूचं वर्णन, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या जबाबदारीवर. घेताना आणि परत देताना चारही बाजूंनी फोटो काढा. आधीपासून असलेला ओरखडा मालकासमोर कागदावर नोंदवा.

दोन कायदे ठाऊक असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं आणि इतर वस्तू पुरावस्तू ठरतात. हस्तलिखितांना ही मर्यादा पंच्याहत्तर वर्षांची आहे. यातल्या काही प्रकारांची नोंदणी लागते, म्हणून घरातली जुनी मूर्ती कोणी उत्साहानं आणून दिली तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. दुसरा, त्याच वर्षीचा वन्यजीव संरक्षण कायदा. शिंग, कातडं, मोरपिसांची कलाकृती असं काही मांडण्याआधी वन खात्याशी बोला. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटन्स फ्री-टेल्ड या दुर्मीळ जातीची वटवाघळं राहतात. त्यांच्यावर प्रदर्शन जरूर करा, पण लोकांना गुहेकडे नेऊ नका. अभ्यासकांनी केलेली रेखाटनं, ध्वनिमुद्रणं आणि फोटो मिळवा.

आठवी पायरी: उद्‌घाटनानंतर खुर्चीत बसू नका

पाहुणे गेले, हार-तुरे झाले, की खरं शिक्षण सुरू होतं. वही घेऊन कोपऱ्यात उभे राहा. कोण कुठे थांबतं, कशाला हात लावतं, काय न वाचता पुढे जातं ते लिहा. ‘आवडलं काय?’ असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्याऐवजी बाहेर पडणाऱ्याला विचारा, ‘घरी जाऊन कोणाला काय सांगाल?’ जे उत्तर येईल तेच तुमच्या प्रदर्शनातून पोचलं. अपेक्षेपेक्षा वेगळं आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर बदला. कागदावरच छापलेला असला तर ते सहज होतं, म्हणून पहिल्या प्रदर्शनात महागडं प्रिंटिंग करू नका.

समजावून सांगायला कॉलेजची मुलं ठेवा. एक्स्प्लोरेटोरियममध्ये शाळकरी मुलांना हे काम देण्याची पद्धत सुरुवातीपासून आहे. आपल्याकडे त्यात कारागिरांच्या घरातली मुलं-मुली आवर्जून घ्या. वडिलांच्या कामाबद्दल प्राध्यापकांसमोर बोलताना त्या मुलीचा आवाज दुसऱ्या दिवशी कसा बदलतो, ते मी जवळून बघितलं आहे. या पेशात टिकून राहायला मला तेवढं कारण पुरतं.

नववी पायरी: बेळगावबाहेर

एक-दोन प्रदर्शनं झाल्यावर शिकायला बाहेर जा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पदव्युत्तर पदविका शिकवतं. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी असेल तर राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या क्युरेटर पदांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. मुंबईचं नेहरू सायन्स सेंटर, बेंगळुरूचं विश्वेश्वरय्या संग्रहालय आणि पणजीतलं गोवा सायन्स सेंटर याच परिषदेची. पणजीचं तर एका दिवसात बघून येता येतं. बेंगळुरूची सायन्स गॅलरी तरुणांना मीडिएटर, म्हणजे प्रेक्षकांशी बोलून प्रदर्शन उलगडणारे, म्हणून घेते, आणि लोकांशी बोलायचं शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. कलेच्या बाजूनं येणाऱ्यांनी कोचीच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात स्वयंसेवक म्हणून काम करायचा प्रयत्न करावा.

इथं आपल्या भागातल्या मुलांकडे एक मोठी शिदोरी आहे. बेळगाव मुंबईपासून आणि बेंगळुरूपासून साधारण सारख्याच अंतरावर, सुमारे पाचशे किलोमीटर. मराठी, कन्नड, हिंदी आणि बऱ्याचदा कोकणीही येणारा माणूस दोन्ही शहरांतल्या संग्रहालयांना हवा असतो. ही गोष्ट अर्जात पहिल्या परिच्छेदात लिहा.

पैशांचं थोडक्यात. पहिल्या प्रदर्शनासाठी स्थानिक उद्योजक, माजी विद्यार्थी संघ, वाचनालयं यांच्याकडे जा, आणि रोख रकमेऐवजी वस्तू मागा: प्लायवूड, दिवे, टेम्पो, जेवण. पुढच्या टप्प्यावर बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्थेकडे प्रस्ताव पाठवता येतो. १९९३ साली स्थापन झालेली ही संस्था इंग्रजीशिवाय इतर भारतीय भाषांतले प्रस्तावही घेते, तेव्हा मराठीत नीट लिहिता येत असेल तर मोडक्या इंग्रजीत लिहू नका.

प्रदर्शन उतरवल्यावर आठवड्याच्या आत सगळ्या वस्तू परत करा, राहिलेली मजुरी चुकती करा आणि कारागिराच्या घरी त्यांच्या मांडणीचे छापील फोटो नेऊन द्या. मग एक फोल्डर तयार करा: भिंतीचे फोटो, दोन्ही भाषांतले मजकूर, खर्चाचा तक्ता, लोकांची उत्तरं लिहिलेली वही आणि वस्तू दिल्या-घेतल्याची पत्रं. बडोद्याची मुलाखत असो की बेंगळुरूचा अर्ज, तिथं हाच फोल्डर उघडून बोलायचं असतं. खर्चाचा तक्ता सगळ्यात वर ठेवा, कारण तो बहुतेक उमेदवारांकडे नसतो.